कण्याजवळची चार बोटं

शुक्रवार, दुपार

प्रिय ठमाकाकू,

या नावाने हाक मारलेली तुला आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. डॉक्टर झाल्यापासून तर नाहीच. पण गेले अठरा दिवस तू माझा फोन उचलत नाहीयेस, तेव्हा तुझ्या आवडीनिवडी सांभाळायला मी काही बांधलेला नाही. चौथीत असताना कमरेवर हात ठेवून, जेवायच्या टेबलावर हाडं मांडायची नाहीत, असा मला दम भरणारी एक मुलगी होती. तिला मी हे पत्र लिहितोय. ती निदान माझं ऐकून घ्यायची. मग वाद घालायची, पण आधी ऐकायची. माझं अक्षर तुला लागतं, हा एक फायदा. बरगड्यांना लावायच्या चिठ्ठ्या लिहून लिहून ते इतकं बारीक झालंय, की आई म्हणते, पत्राबरोबर भिंगही पाठवून द्या.

आई शिलाईमशीनवर बसली आहे, शेजारच्यांच्या पडद्यांना अस्तर लावतेय. मधूनमधून मान वर करून मी किती लिहिलं ते बघते आणि परत पाय मारते. तिच्यावर चिडू नकोस, पण तिने मला सगळं सांगितलंय. बाबांना बोलू नकोस म्हणून तू तिला बजावलं होतंस. तिने दोन दिवस ताकास तूर लागू दिली नाही, आणि तिच्या मानाने दोन दिवस म्हणजे फारच झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा कपात ओतायच्या ऐवजी साखरेच्या डब्यात ओतला आणि तिथेच खुर्चीत बसून रडायला लागली. मग काय, मी विचारलं आणि तिने सांगितलं.

तर मला कळलंय ते असं. तुझ्या वॉर्डात घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा होते. छातीत उजव्या बाजूला पाणी झालेलं, धाप लागलेली. ते पाणी पाठीतून सुई घालून काढायचं होतं. अशी पन्नास-साठ माणसं तू आजवर मोकळी केली असशील. पण आयुष्यभर घड्याळावर वाकून आजोबांच्या पाठीला पोक आलेलं, त्यांना धड ओणवं होता येईना, सारखे एका कुशीवर कलंडत होते. सोनोग्राफीचं मशीन दुसऱ्या मजल्यावर अडकलं होतं आणि आजोबांना दम धरवत नव्हता. तू सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून घातलीस, शिकवलंय तशीच. फक्त कण्याच्या फार जवळ. आधी पिवळसर पाणी आलं, मग लाल. दोन तासांत रक्तदाब कोसळला. तुझ्या वरिष्ठ मॅडम धावत आल्या, आजोबांना ऑपरेशन थिएटरात नेलं, छाती उघडली, फाटलेली धमनी बांधली. आजोबा वाचले. चौकशी झाली, अहवालात लिहिलं की अशी गुंतागुंत होऊ शकते, आणि फाइल बंद झाली. तुझी फाइल मात्र उघडीच राहिली. तू रजा टाकलीस, आणि आता विमा कंपनीत दुसऱ्या डॉक्टरांचे कागद तपासायची नोकरी मिळतेय, येत्या बुधवारी त्यांना हो म्हणून कळवायचं आहे, यापुढे सुई हातात धरणार नाही, असं तू आईला सांगितलंस. बुधवारला पाच दिवस आहेत. त्याच्या आत हे तुझ्या हातात पडावं म्हणून आई संध्याकाळी स्वतः कुरियरवाल्याकडे जाणार आहे. माझ्यावर तिचा एवढाही भरवसा नाही.

मी मनातलं आधीच सांगून टाकतो, कारण मला आडून आडून बोलता येत नाही. तू हे काम सोडू नयेस असं मला वाटतं. सोडलंस तर मला फार वाईट वाटेल, आणि ते लोकांना सांगायला मुलगी सर्जन आहे म्हणून नव्हे. पण तुला उपदेश करायला मी बसलेलो नाही. मला एक कबुली द्यायची आहे.

आईने जे सांगितलं त्यात एक वाक्य असं होतं, की माझ्या हातातला चमचाच खाली पडला. तू म्हणालीस म्हणे, की मला सगळं पाठ होतं, कण्याजवळ धमनी बरगडीच्या आडोशाला नसते हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं, पण सुई घालताना डोळ्यासमोर जे चित्र आलं त्यात ती थेट कण्यापर्यंत बरगडीखाली ताठ बसलेली होती, तार ओढून बांधावी तशी. आईला त्यात काही विशेष वाटलं नाही. तू कुठलं चित्र म्हणतेस ते मला मात्र तत्क्षणी कळलं. ते पुस्तकातलं नाही, ठमाकाकू. ते मी केलेलं आहे.

तू सहा वर्षांची होतीस तेव्हाची गोष्ट. मेडिकल कॉलेजच्या अ‍ॅनाटॉमी विभागात मी तेहतीस वर्षं टेक्निशियन होतो, हाडं धुवायची, वाळवायची, ओवून सांगाडे उभे करायचे, हे माझं काम. मुलं मला हाडमामा म्हणायची. त्या वर्षी मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, मला छातीचा पिंजरा करायला सांगितला. नुसती हाडं नव्हेत. स्नायूंसकट, रक्तवाहिन्यांसकट, वर्गात हातोहात फिरवता येईल असा. मला तर आभाळ ठेंगणं झालं. बरगड्यांच्या बारा जोड्या मी महिनाभर निवडत होतो. वरच्या सात थेट मधल्या हाडाला येऊन मिळणाऱ्या, पुढच्या तीन आपापल्या वरचीचा हात धरून जाणाऱ्या, आणि शेवटच्या दोन कुणाचंच न ऐकता अधांतरी संपणाऱ्या. त्या दोघींना आई तुझ्या आत्या म्हणायची. मला राग यायचा, पण आता खोटं कशाला बोलू, उपमा चपखल होती.

दोन बरगड्यांमधले स्नायू आईने कापडाचे केले. मी तिला सांगितलं, की बाहेरच्या थराचे धागे खिशात हात घालावा तसे खाली आणि पुढे उतरतात, आणि आतल्या थराचे नेमके उलट. तिने विचारलं, असं का. मी म्हटलं, जोर दोन्हीकडून यावा, छाती फुगताना कुठेच ढिली पडू नये म्हणून. त्यावर ती म्हणाली, मग सरळ सांगा की, कापड तिरकं बेतायचं आणि अस्तर उलट्या तिरप्याने लावायचं. वीस सेकंदांत कळलं तिला. आमच्या मुलांना तीन महिने लागायचे. जुन्या कॉर्डरॉयच्या पँटी उसवून तिने बावीस पट्ट्या बाहेरच्या आणि बावीस आतल्या केल्या, आणि त्या इतक्या नेमक्या बसल्या की सरांनी पुढे कित्येक वर्षं वर्गात आधी तिचं कौतुक केलं, मग माझं.

राहिल्या तारा. बरगडीच्या खालच्या कडेला आतल्या अंगाने एक पन्हळ असते. तिच्यात वर शीर, मधे धमनी, खाली मज्जातंतू, असे तिघं एकाखाली एक दडून जातात. म्हणून तर सुई बरगडीच्या वरच्या कडेवरून घालायची, खालच्या कडेला जायचं नाही. मी निळी, लाल, पिवळी तार घेतली आणि बावीस पन्हळींत बसवली. सर घरी बघायला आले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. सुंदर झालंय म्हणाले. आणि मग म्हणाले, कण्याजवळची चार बोटं तेवढी लाल तार सैल सोडा. तिथे धमनी पन्हळीत नसते, दोन बरगड्यांच्या मधल्या जागेतून उघडीच चाललेली असते, थोडं पुढे गेल्यावर आडोशाला शिरते. म्हाताऱ्या माणसात तर ती नागमोडी होऊन आणखीच खाली लोंबते.

मला ते पटलं नाही असं नाही. मला ते दिसायला आवडलं नाही. लोंबकळणारी तार म्हणजे गबाळं काम, आणि गबाळं काम माझ्या हातून जाणार नाही, ही माझी त्या वयातली घमेंड. मी सरांना सुनावलं, की पोरांच्या बाह्या अडकतील, तारा तुटतील, आणि मग पुन्हा हाडमामालाच हाका माराल. सरांनी तीनदा सांगितलं. मी तिन्ही वेळा नाक मुरडलं. शेवटी ते म्हणाले, तुमचं काम तुम्ही जाणा, वर्गात तोंडी सांगेन मी, आणि निघून गेले. मी जिंकलो असं मला वाटलं. आत जाऊन आईला फुशारकीने सांगितलंसुद्धा, की आज सरांना गप्प केलं. मग बावीस गाठी मारल्या, डावीकडे अकरा नि उजवीकडे अकरा, आणि तिन्ही तारा कण्यापर्यंत ताठ बांधून टाकल्या. सर होते तोवर ते खरंच दरवर्षी तोंडी सांगायचे. सर गेले, आणि सांगणारं कुणी उरलं नाही. तारा राहिल्या.

तो पिंजरा पूर्ण व्हायला चार महिने लागले आणि तेवढे दिवस तो आपल्या टेबलावर होता, हे तुला आठवत असेलच, कारण तुझा सगळा अभ्यास त्याच्याशेजारी व्हायचा. मी तुला मोजायला शिकवलं होतं. पहिली बरगडी हासळीच्या, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या, मागे लपलेली, ती बोटाला सापडत नाही, म्हणून तिच्यापासून सुरुवात करायची नाही. छातीच्या मधल्या हाडावर वरच्या बाजूला एक आडवा उंचवटा लागतो, त्याच्या शेजारी नेहमी दुसरी. तिथून खाली मोजत जायचं. झालं, तू घर डोक्यावर घेतलंस. आईच्या मोजल्यास, पोस्टमनच्या मोजायला निघालीस, शेजारच्या कुत्र्याच्या मोजून त्याला तेरा जोड्या आहेत असं जाहीर केलंस, आणि मी पुस्तकात बघितलं तर खरंच तेरा. मोठी आत्या राहायला आली तेव्हा तू बराच वेळ तिला चाचपलंस, आणि भरल्या घरात सांगितलंस की आत्याला बरगड्याच नाहीत. आत्या दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जसं काही मीच तिला तुझ्यापुढे बसवलं होतं!

पुरुषाला एक बरगडी कमी असते असं शाळेत कुणीतरी तुला सांगितलं, तेव्हा तू मला जमिनीवर आडवं घातलंस आणि दोन्ही बाजू मोजल्यास. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन भांडलीस. मला आडवं घातलंस त्याच दिवशी मी तुला श्वासाची गंमत दाखवली होती. बादलीची कडी बाजूला पडलेली असते, ती उचलली की वर येते आणि बाहेर जाते, तशा खालच्या बरगड्या श्वासाबरोबर उचलल्या जातात. तू माझ्या कुशींवर दोन्ही पंजे ठेवून म्हणालीस, घे श्वास, सोड श्वास, पुन्हा घे. मला वाटलं, जगात एवढी सुखी माणसं फार नसतील. आणि त्याच वेळी टेबलावर तो पिंजरा होता, आणि तू येता-जाता त्या लाल तारेवरून बोट फिरवायचीस, कण्यापासून पुढपर्यंत, सरळ, एका दमात. शंभरदा फिरवलं असशील. पुस्तकातलं परीक्षेपुरतं राहतं गं. बोटाने शिकलेलं माणूस घाईत बाहेर काढतं.

चमचा पडल्याच्या दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेलो. निवृत्तीनंतर सहा वर्षांनी. तीन जिने चढायला मला अर्धा तास लागला. प्रत्येक वळणावर थांबून भिंतीवरच्या सूचना वाचत होतो. आपल्या कॉलेजात एवढ्या सूचना लावलेल्या आहेत, हे मला तेहतीस वर्षांत कळलं नव्हतं. आता तिथे एक नवी टेक्निशियन मुलगी आहे. हुशार आहे, पडद्यावर अख्खं शरीर फिरवून दाखवते, फक्त कपाटावरची धूळ पुसत नाही. मी बोललो तिला. पिंजरा अजून वापरात आहे म्हणाली, मुलं पडद्यापेक्षा तोच मागतात, हातात धरता येतो म्हणून. तिने तो माझ्यापुढे आणून ठेवला. आईचं कॉर्डरॉय विटलंय, कडा बोटांनी गुळगुळीत झाल्या आहेत. आणि माझ्या बावीसच्या बावीस गाठी जिथल्या तिथे. एक सुटलेली नाही. स्वतःचं काम इतकं पक्कं असल्याचा राग मला आयुष्यात पहिल्यांदा आला. चोवीस वर्षं, दरवर्षी दीडशे मुलं. गुणाकार करायला लागलो आणि सोडून दिला.

आताच्या विभागप्रमुख बाईंना जाऊन मी सगळं सांगितलं. त्या भल्या आहेत. म्हणाल्या, काका, एका मॉडेलवरून कुणी डॉक्टर होत नाही, पुस्तकं आहेत, आम्ही आहोत, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. मी म्हटलं, ते असू दे बाई, पण माझी चूक मला निस्तरू द्या. तेव्हा त्या उठल्या, माझ्याबरोबर आल्या, पिंजरा उजेडात धरून बराच वेळ बघत राहिल्या, आणि मग मला दोन दुपारी आणि एक उंच स्टूल दिलं. मी गाठी कापल्या. लाल तार काढून तिथे मऊ दोरा घातला आणि कण्यापासून चार बोटं तो मधल्या जागेत उघडा, वेडावाकडा सोडला, सरांनी सांगितला होता तसा. शेजारी चिठ्ठी लावली, की इथे धमनी उघडी असते, इथे सुई नको. दिसायला भयंकर दिसतंय. कुणीतरी अर्धवट टाकून गेल्यासारखं. मी त्याकडे बघत बसलो, आणि सरांची क्षमा मागायची राहिली म्हणून मला रडू आलं. त्या मुलीने पाण्याचा ग्लास आणून ठेवला. धुळीबद्दल बोललो त्याचं मला जरा वाईटच वाटलं.

आता तू लगेच उसळशील, की बाबा, सगळं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेऊ नकोस. नाही फोडत. सुई तुझ्या हातात होती. मशीन खाली येईपर्यंत थांबायला हवं होतं का, आजोबांना टेकू द्यायला आणखी दोन माणसं बोलवायला हवी होती का, हे तुझं तू जाणतेस, त्यात मी बोलणार नाही. तुझी चूक मी तुझ्यापासून काढून घेत नाही, आणि माझी तुला देत नाही. पण माझी चूक चोवीस वर्षं सगळ्यांसमोर होती आणि मला देखणी वाटत होती, कारण माझ्यासमोर कुणाला रक्त आलं नाही. तुला तुझी दोन तासांत कळली, आणि ज्याला लागलं त्याच्या उशाशी तू आठ दिवस बसलीस. आता तुझी बोटं जन्मात त्या जागेच्या वाटेला जाणार नाहीत. अशी बोटं विमा कंपनीत फायली उलटत बसणार, आणि त्या आजोबांसारख्या दुसऱ्या कुणाच्या पाठीशी ज्याला अजून अशी ठेच लागलेली नाही तो उभा राहणार, हा काय न्याय झाला? तूच सांग. मला खरंच उत्तर हवंय, नुसतं बोलायचं म्हणून विचारत नाही.

आजोबा मला भेटले. गेल्या मंगळवारी तुझ्या इस्पितळात माझं एक काम होतं. काय ते सांगतो पुढे. ते तपासणीला आले होते, बाकावर माझ्याशेजारीच बसले. मी कोण ते मी आधी सांगितलं नाही, म्हणजे मला धीर झाला नाही. ते पलीकडे बसलेल्या बाईला शर्ट वर करून जखमेचा व्रण दाखवत होते, आणि वॉर्डातलं घड्याळ चार मिनिटं मागे आहे, कुणी मला स्टूल देईल तर लावून देतो, असं प्रत्येक नर्सला सांगत होते, त्यावरूनच मी त्यांना ओळखलं. मग मी सांगितलं. मला वाटलं आता बोल ऐकावे लागणार. ते म्हणाले, फार दुखलं हो, अजून खोकलो की दुखतं. मी मान खाली घातली. मग म्हणाले, तुमची मुलगी रोज यायची, पण माझ्याकडे बघायची नाही, जमिनीकडे बघून बोलायची. तिला सांगा, वर बघून बोलत जा, माणूस आहे मी. बस, एवढंच. माफ केलं असं काही म्हणाले नाहीत, आणि मी तुला तसं खोटं सांगणार नाही. पण उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून उठले.

आता माझं काम. फोनवर बोलायचं मी टाळलं, तू उचलला असतास तरी टाळलं असतं, कारण माझी दोन वाक्यं ऐकून तुला कळलं असतं. मला दोन महिने धाप लागतेय. झोपताना तीन उश्या लागतात. मंगळवारी तुझ्या मॅडमनी माझा एक्सरे काढला. डाव्या बाजूला अर्ध्या छातीपर्यंत पाणी आहे. ते कशाने झालं, ते काढून तपासल्यावर कळेल. साधं असेल, नसेलही. आईला मी घाबरलेलो नाही असं सांगितलंय. तुला सांगतो, घाबरलोय. मॅडमनी येता मंगळवार दिला, आणि मी त्यांना म्हटलं, सुई माझ्या मुलीने घालावी. घरच्या माणसावर सहसा करत नाहीत म्हणाल्या. मी म्हटलं, मला माहीत आहे. शेवटी त्या म्हणाल्या, की मी शेजारी उभी राहीन, आधी मशीन लावून धमनी कुठे आहे ते बघू, आणि तिचा हात स्थिर नाही असं वाटलं तर सुई माझ्याकडे घेईन. तुझं नाव त्यांनी ड्यूटीच्या तक्त्यावरून अजून काढलेलं नाही, हेही त्यांनी सांगितलं. ही परीक्षा नाही, ठमाकाकू, आणि धमकी तर नाहीच. तू आली नाहीस तर मॅडम करतील. बुधवारी तू त्या कंपनीला हो म्हणालीस तरी घरी येशील तेव्हा मी दार उघडायला धावेन, म्हणजे धापा टाकत येईन. पण मला विचारशील तर मला तू हवी आहेस. मुलगी म्हणून तर हवीच, पण आजच्या घडीला माझ्या पाठीवर सगळ्यात जपून हात ठेवेल अशी डॉक्टर तूच आहेस, म्हणून. मंगळवारी सकाळी दहा वाजता मी शर्ट काढून, उशीवर हात टेकून ओणवा बसलेला असेन. मागे वळून बघणार नाही. तू आलीस, तर हातमोजे घालायच्या आधी एकदा पाठीवर हात ठेव. तुझे हात गार असतात, मला कळेल.

वाट बघणारा, तुझाच
बाबा